कौल, करार आणि सोडवणूक : ख्रिस्ती शास्त्रांतील ईश्वरी निष्ठा व तिची मराठी परिभाषा

१. विषयप्रवेश

जुन्या दप्तरांवरून ज्यांची नजर वर्षानुवर्षें फिरली आहे, त्यांस कौल, करार, वतन, खंडणी व सोडवणूक हे शब्द नवे नाहींत. कौल उजाड गांव पुन्हां वसवितो. करार उभय पक्षांस बांधतो. वतन पिढ्यान्‌पिढ्या चालतें. खंडणी बळानें वसूल होते. आणि सोडवणूक ही गहाणाची, ओलिसाची किंवा कैद्याची असते. हे सर्व शब्द आमच्या राज्यव्यवहाराचे व भाऊबंदकीचे आहेत. परंतु यांपैकीं बहुतेक शब्द दूर देशीं जन्मलेल्या एका धर्मशास्त्राचा गाभा मराठींत उतरविण्याच्या कामीं योजिले गेले, ही गोष्ट ऐतिहासिक कागदांचे अभ्यासक सहसा लक्षांत घेत नाहींत.

ख्रिस्ती शास्त्राचा गाभा दोन कल्पनांत सांगतां येतो. पहिली ही कीं, ईश्वर एकदां दिलेला शब्द मोडीत नाहीं, मनुष्यानें मोडला तरीही मोडीत नाहीं. दुसरी ही कीं, तो शब्द पाळण्यासाठीं तो स्वतः मोल देऊन मनुष्यास सोडवितो. पहिलीस निष्ठा म्हणावें, दुसरीस उद्धारक प्रेम. या दोन कल्पना मराठींत कोणत्या शब्दांनीं आल्या, कोणत्या कागदांवर आल्या, आणि ते कागद कसे टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : या कल्पना मुळांत तत्त्वज्ञानाच्या नसून नात्याच्या व व्यवहाराच्या आहेत. मराठींतील पुराणपरंपरेच्या शब्दांनीं त्यांतील ममता आणली, दप्तरी शब्दांनीं त्यांतील बांधिलकी आणली. आणि दोहोंचा मेळ पाहावयाचा असेल तर जुन्या कौलनाम्यांकडे पाहिलें पाहिजे.

२. शब्दाचा धनी

ख्रिस्ती शास्त्राच्या पहिल्या भागाची, म्हणजे जुन्या कराराची, भाषा मुख्यतः हिब्रू आहे. ईश्वराच्या निष्ठेविषयीं तींत दोन शब्द वारंवार जोडीनें येतात : 'हेसेद' आणि 'एमेत'. 'हेसेद' हा शब्द सुमारें २५० ठिकाणीं आढळतो व त्यांपैकीं निम्मे प्रयोग एकट्या स्तोत्रसंहितेंत आहेत. दया, कृपा, प्रीति असे त्याचे अर्थ देतात. पण यांपैकीं एकही शब्द पुरा पडत नाहीं. दया वाटेवरच्या परक्यावरही करतां येते. 'हेसेद' ही ज्याच्याशीं आपला संबंध जडला आहे, त्याच्याशीं शेवटपर्यंत राखलेली ममता होय. 'एमेत' म्हणजे भरंवशाचें सत्य, ज्यावर भार टाकिला असतां तें खचत नाहीं असें. प्रार्थनेच्या शेवटीं उच्चारला जाणारा 'आमेन' हा शब्दही त्याच धातूपासून निघाला आहे. १३६ व्या स्तोत्रांत २६ चरण आहेत आणि ईश्वराची 'हेसेद' सर्वकाळ टिकते या अर्थाचें पालुपद त्या प्रत्येकाच्या शेवटीं आहे. सृष्टीची उत्पत्ति, मिसर देशांतून झालेली सुटका, अरण्यांतील प्रवास, रोजचें अन्न, या सर्व गोष्टी त्या एकाच पालुपदाशीं आणून बांधिल्या आहेत.

हे दोन शब्द एकत्र कोठें उच्चारले गेले, हें पाहण्यासारखें आहे. निर्गम या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायांत ईश्वर मोशेपुढें आपलें नांव प्रकट करितो, आणि त्या नांवांत 'हेसेद' व 'एमेत' यांनीं भरलेला असें स्वतःचें वर्णन करितो. हा प्रसंग केव्हांचा? लोकांनीं सोन्याचें वासरूं करून आराधिलें व आज्ञेच्या पहिल्या दगडी पाट्या फुटल्या, त्यानंतर लगेचचा. म्हणजे निष्ठेची ही घोषणा करार पाळला जात असतां झालेली नाहीं, तो मोडल्यावर झालेली आहे. शास्त्रकाराच्या मनांतील निष्ठेचा अर्थ या एका स्थानावरून स्पष्ट होतो.

याहून जुना प्रसंग अब्राहामाचा. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायांत कालवड, शेळी व मेंढा यांचे दोन दोन भाग करून समोरासमोर मांडिले आहेत. दोन पक्षांनीं करार करितांना अशा तुकड्यांमधून चालत जावें, आणि शब्द मोडल्यास आपलीही हीच गत होवो असें मानावें, ही त्या काळची रीत यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायावरून समजते. परंतु येथें सूर्य मावळतां अब्राहामास गाढ झोंप लागते, आणि त्या तुकड्यांमधून धुराची भट्टी व जळती मशाल एवढींच जातात. तीं ईश्वराच्या सान्निध्याचीं चिन्हें आहेत. मनुष्य त्यांतून गेलाच नाहीं. शपथेचा सारा भार एका पक्षानें आपल्यावर घेतला.

या व्यवहारास हिब्रूंत 'बेरीत' म्हणतात. मराठी भाषांतरकारांनीं त्यास 'करार' म्हटलें आणि जुना करार व नवा करार हीं शास्त्राच्या दोन भागांचीं नांवेंही त्यावरूनच रूढ झालीं. करार हा शब्द अरबींतून फारसीच्या द्वारें आमच्या राज्यव्यवहारांत आला. त्यांत दोघांचें बंधन असतें. मात्र अब्राहामाच्या प्रसंगीं जें घडलें तें आमच्याकडील कौलाशीं अधिक जुळतें. लढाई, दुष्काळ किंवा जुलूम यांमुळें रयत परागंदा झाली, जमीन पडीक पडली, म्हणजे सरकारांतून कौल दिला जाई : परत या, गांव वसवा, सारा एकदम घेणार नाहीं, वर्षावर्षानें इस्तावा चढेल, कोणाचा उपसर्ग लागूं देणार नाहीं. रयत आपल्या बाजूनें कांहीं आणूं शकत नसते. तिच्यापाशीं बैल नसतात, बीं नसतें. तिच्या येण्याचा आधार कौल देणाराचा शब्द हाच. कौल या अरबी शब्दाचा मूळ अर्थही 'वचन' असाच आहे. इ. स. पूर्वीं ५८६ त यरुशलेम पडून लोक बाबेलास नेले गेले, त्या काळाशीं संबंध असलेलीं संदेष्ट्यांचीं वचनें वाचावीं, म्हणजे उजाड नगरांस परत वसविण्याचें जें आश्वासन त्यांत आहे, तें कौलनाम्याच्या वाचकांस अगदीं ओळखीचें वाटेल.

३. सोडवणारा भाऊबंद

दुसरी कल्पना सोडवणुकीची. हिब्रूंत सोडवणारास 'गोएल' म्हणतात. हा शब्द मुळांत देवळांतला नसून घराण्यांतला आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत त्याचें काम सांगितलें आहे. कोणी गरिबीमुळें आपल्या जमिनीचा कांहीं भाग विकिला तर त्याच्या जवळच्या आप्तानें येऊन ती सोडवावी. कोणी कर्जापायीं स्वतःस परक्याच्या हातीं विकिलें तर भावानें, चुलत्यानें किंवा चुलतभावानें मोल देऊन त्यास सोडवावें. जमीन कायमची विकूं नये, आणि ५० व्या वर्षीं ज्याची त्यास परत मिळावी, असाही निर्बंध तेथें आहे. मराठी भाषांतरांत अशा वडिलोपार्जित भूमीस 'वतन' असा शब्द आहे. तो किती समर्पक आहे हें आमच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको.

या निर्बंधाचा प्रत्यक्ष अंमल रूथ नामक छोट्या ग्रंथांत दिसतो. बेथलेहेमांतील एक घराणें दुष्काळामुळें मवाब देशीं गेलें. तेथें पुरुषमाणसें मेलीं, आणि नामी व तिची मवाबी सून रूथ या दोघी विधवा परत आल्या. बवाज नांवाचा आप्त त्यांचें वतन सोडविण्यास तयार झाला; परंतु त्याच्याहूनही जवळचा एक आप्त होता व पहिला हक्क त्याचा होता. तेव्हां बवाजानें गांवच्या वेशींत दहा वडील माणसांस बसविलें, त्या आप्तास बोलाविलें व सर्वांसमक्ष प्रश्न टाकिला. जमीन घ्यावयास तो राजी होता. पण जमिनीबरोबर विधवा सुनेचा स्वीकार करून मृताचें नांव चालवावें लागेल असें कळतांच, आपल्या वतनास धक्का लागेल म्हणून तो मागें सरला. त्यानें पायांतील जोडा काढून दिला, ही तेथील हक्कसोडीची खूण होती. मग बवाजानें साक्षी ठेवून वतन व रूथ या दोहोंचा स्वीकार केला. गोतसभेचे महजर ज्यांनीं वाचिले आहेत त्यांस येथें वेस, वडील मंडळी, जवळचा हक्कदार, साक्षी आणि निवाडा, हें सर्व परिचयाचें दिसेल. फरक एवढाच कीं आमचे महजर बहुधा हक्क मागणारांचे असतात. हा हक्काच्या पलीकडे जाऊन भार उचलणाराचा आहे.

आमच्या इतिहासांतही आप्तानें आप्तास सोडविण्याचें मोठें उदाहरण आहे. इ. स. १६८९ मध्यें रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोंगलांच्या कैदेंत गेलीं. शाहूमहाराज १७०७ मध्यें सुटले. पण मातुःश्री अडकून राहिल्या. पुढें १७१८ मध्यें सय्यद हुसेन अली याच्याशीं जो तह ठरला त्यांत त्यांच्या सुटकेचें कलम होतें, आणि १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ त्यांस दिल्लीहून घेऊन आला. चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा त्याच वेळीं मिळाल्या म्हणून इतिहासकार त्यांचेंच वर्णन विस्तारानें करितात. तथापि ३० वर्षांच्या कैदेनंतर आई घरीं आली, ही गोष्ट त्या सनदांहून लहान मानण्याचें कारण नाहीं. 'गोएल' या शब्दाच्या मागें जी भावना आहे ती हीच : जो आपला आहे तो शत्रूच्या हातीं राहूं द्यावयाचा नाहीं.

इस्राएलाच्या शास्त्रकारांनीं हा घराण्यांतला शब्द उचलून ईश्वरास लाविला, हें त्यांचें मोठें धाडस होय. निर्गमाच्या ६ व्या अध्यायांत मिसरांतील गुलामांस सोडविण्याच्या प्रतिज्ञेंत हेंच क्रियापद आहे, आणि यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धांत तर ईश्वरास 'गोएल' हें जणूं विशेषनामच पडलें आहे. राजा प्रजेस सोडवितो तो पराक्रमानें. धनी दासास सोडवितो तो उपकार म्हणून. भाऊबंद सोडवितो तो नात्यानें. ईश्वरास भाऊबंद म्हणणें म्हणजे त्याजवर नात्याचा भार टाकणें होय.

हा भार किती दूर जातो हें होशेयाच्या ग्रंथांत पाहावें. इ. स. पूर्वीं आठव्या शतकांतील या संदेष्ट्याची बायको त्यास सोडून गेली. तिसऱ्या अध्यायांत त्यास आज्ञा होते कीं परपुरुषाच्या नादीं लागलेल्या स्त्रीवर पुन्हां प्रेम कर. आणि तो तिला १५ शेकेल रुपें व दीड होमेर जव देऊन विकत घेतो. ही स्त्री म्हणजे त्याची तीच बायको, असें बहुतेक भाष्यकार मानितात. निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत दासाची भरपाई ३० शेकेल सांगितली आहे. तेव्हां निम्मी रक्कम नक्त व निम्मी ऐनजिनसी अशी ही भरपाई असावी, असाही अर्थ कित्येकांनीं लाविला आहे. जी आपलीच, तिच्यासाठीं पुन्हां मोल भरावें लागलें. संदेष्ट्यानें हा आपल्या घरचा हिशेब ईश्वर व त्याचे लोक यांच्या संबंधाचा दाखला म्हणून मांडिला आहे.

४. खंडणी कोणास?

नव्या कराराची भाषा ग्रीक आहे. तिच्यांत येण्यापूर्वींच या कल्पनांचें एक भाषांतर होऊन गेलें होतें. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकापासून जुन्या कराराचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. त्यांत 'हेसेद' साठीं बहुधा 'एलेओस', म्हणजे दया, हा शब्द घातला गेला, आणि 'बेरीत' साठीं बरोबरीच्या कराराचा शब्द टाळून 'दियाथेके', म्हणजे एकानेंच केलेली व्यवस्था किंवा मृत्युपत्र, हा शब्द घेतला गेला. पहिल्या शब्दांत नात्याचा अंश उणा झाला. दुसऱ्यांत एकतर्फी वचनाचा अंश राखला गेला. भाषांतर हें असेंच एका हातानें देतें व दुसऱ्यानें घेतें.

मार्काच्या १० व्या अध्यायांत ख्रिस्त आपल्या मरणास अनेकांसाठीं दिलेलें 'लुत्रोन' म्हणतो. गुलाम किंवा युद्धकैदी यांच्या सुटकेचें मोल, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. मराठी भाषांतरांत येथें 'खंडणी' हा शब्द आला. तो वाचतांच आमच्या वाचकाच्या मनांत पहिला प्रश्न येतो कीं, खंडणी दिली ती कोणास? कारण खंडणीस घेणारा लागतो. हा प्रश्न प्राचीन ख्रिस्ती आचार्यांसही पडला होता. तिसऱ्या शतकांतील ओरिगेनानें ती सैतानास दिली गेली असें सुचविलें. चौथ्या शतकांतील नाझिआन्झसच्या ग्रेगोरीनें तें साफ नाकारिलें; लुटारूस ईश्वराच्या पुत्राचें मोल मिळावें हें त्यास लज्जास्पद वाटलें. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म यानें हा विषय ईश्वराच्या मानाची भरपाई या दृष्टीनें मांडिला. या वादाचा निकाल लावणें हें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे. तथापि एवढें दाखवितां येतें कीं, मोल कोणास मिळालें हा प्रश्न खंडणी या शब्दानें पुढें येतो, आणि मोल कोणी सोसलें हा प्रश्न 'गोएल' या शब्दानें पुढें येतो. मूळ शास्त्राचा भर दुसऱ्या प्रश्नावर आहे.

५. साष्टींतील पुराण

आतां या कल्पना मराठींत प्रथम विस्तारानें कोठें आल्या तें पाहूं. हें स्थळ गोव्यांतील साष्टी प्रांत, आणि ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स याचें ख्रिस्तपुराण. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतील बुश्टन गांवचा. त्याचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमाराचा. एलिझाबेथ राणीच्या अमलांत त्याच्या पंथाच्या लोकांचा छळ होत असे. त्याचा मित्र थॉमस पाउंड याची कित्येक वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स रोमेस जाऊन १५७५ मध्यें येशूसंघांत शिरला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. पुढील ४० वर्षें, म्हणजे १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, त्याचें आयुष्य मुख्यत्वें साष्टींत गेलें. १५८३ मध्यें भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचें नमूद केलें. भाषांच्या कुळाविषयींचा हा युरोपीय विद्वानांचा फार जुना उल्लेख होय.

त्याचें पुराण इ. स. १६१६ मध्यें, म्हणजे शके १५३८ च्या सुमारास, रायतूर येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीपासून ख्रिस्तजन्माच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा असून दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र आहे. अध्यायांस तो 'अवस्वरू' म्हणतो. पहिल्या भागांत ३६ व दुसऱ्यांत ५९ मिळून ९५ अवस्वरू, आणि सर्व मिळून सुमारें ११ हजार ओव्या आहेत. भाषा मराठी असून तींत कोंकणीची मिसळ आहे. मराठीच्या गौरवाच्या ज्या ओव्या त्यानें लिहिल्या, त्यांत फुलांमध्यें मोगरी व परिमळांमध्यें कस्तुरी तशी ही भाषा, असा अभिप्राय आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें मंगलाचरण होय. आरंभींच ईश्वरास 'बाप' व 'सत्यवंत' अशीं संबोधनें आहेत, आणि थोडें पुढें जातांच 'कृपानिधि' व 'करुणाकर' अशीं. हिब्रूंतील 'एमेत' व 'हेसेद' यांची जोडीच येथें मराठी ओवींत उतरली आहे असें आम्हांस वाटतें. शब्द सर्व देशी आहेत. संतवाङ्मयाच्या श्रोत्यास त्यांत कांहींच अडत नाहीं. स्वर्गास 'वैकुंठ' आणि श्रद्धेस 'भावार्थ' हे शब्दही तसेच. यांपैकीं 'भावार्थ' हा शब्द गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत श्रद्धा या अर्थानें आजही चालतो, आणि तारक या अर्थानें 'सोडवणदार' हा शब्दही तेथें घरोघर ऐकूं येतो. त्या शब्दांत 'गोएल' याचा अर्थ जवळजवळ पुरा उतरला आहे.

परंतु निष्ठा व प्रेम यांची ही कथा ज्या भूमींत रचिली गेली, तिची अवस्था इतिहासकारानें झांकून ठेवूं नये. साष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ मध्यें पोर्तुगीजांकडे गेले. १५६० मध्यें गोव्यांत धर्मसमीक्षणसंस्था बसली. १५६७ मध्यें साष्टींतील देवळें रायतूरच्या कप्तानाच्या हुकुमानें जाळिलीं व पाडिलीं गेलीं. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच येशूसंघी पाद्री मारिले, आणि नंतर पोर्तुगीजांनीं तेथील प्रमुखांस ठार केलें. लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्या हातून काढून घेतलीं गेलीं होतीं. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या आरंभींच एका ब्राह्मणाची मागणी आहे कीं, जुनीं पुराणें बंद केलीं तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्या. ग्रंथाचें प्रयोजन म्हणून ती मागणी तेथें सांगितली आहे. आज ती वाचतांना त्या प्रश्नामागील रिकामें घर दिसल्यावांचून राहत नाहीं. ज्या सत्तेनें तें घर रिकामें केलें, तिच्याच आश्रयानें हें पुराण त्यांत आलें. तरी आलें तें त्या घरच्या भाषेंत व त्या घरच्या छंदांत आलें, हेंही तितकेंच खरें. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या आहेत, आणि एक खोडून दुसरी वाचतां येत नाहीं.

६. हस्तलिखितांची निष्ठा

या पुराणाच्या पुढच्या दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्यें निघाल्या. तीन वेळां छापिलेल्या या ग्रंथाची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज व्हिसेरेईनें देशी भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोव्यांतील मुद्रण थांबलें, तें १८२१ मध्यें पुन्हां सुरू झालें. अशा स्थितींत ग्रंथ वांचला तो नकलांवर. लोकांनीं तो हातानें उतरून घेतला, घरांत व देवळांत वाचिला, आणि परागंदा होऊन कानडा किनाऱ्यास गेले तेव्हां बरोबर नेला.

तेथें या ग्रंथाची खरी परीक्षा झाली. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ मध्यें तो पडेपर्यंत वांचलेले लोक कैदेंत होते. त्या काळांत ख्रिस्तपुराणाच्या वाचनानें त्यांस आधार दिला, अशी मंगळूरची परंपरा आहे. घरांतून उचलून नेलेल्या माणसांस सोडवणूक हा शब्द उपदेशाचा नव्हता, तो त्यांच्या स्थितीचा होता. मिसरांतील दास, बाबेलांतील बंदी व श्रीरंगपट्टणचे कैदी यांस एकाच ओवीच्या तालांत एकत्र बसविणारा हा ग्रंथ होता.

मंगळूर भागांतील हस्तलिखितांवरून जोसेफ सालदान्हा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत त्याची आवृत्ति काढिली. पुढें १९२० नंतरच्या वर्षांत जस्टिन अॅबट यांस लंडनच्या प्राच्यविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहांत एक देवनागरी प्रत आढळली. ती विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतील असून हा संग्रह त्यानें १८३५ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला होता. मार्सडेन प्रतीची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे. अॅबट यांनीं तीच मूळ मानिली. नंतरच्या अभ्यासकांनीं तें सर्वस्वीं मान्य केलेलें नाहीं. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ मध्यें पुण्यास निघाली, कारिदाद द्रागो यांची १९९६ मध्यें मुंबईस, आणि नेल्सन फाल्काव यांची २००९ मध्यें. म्हणजे छापखान्यानें जें गमावलें तें लेखणीनें राखिलें, आणि लेखणीनें राखिलेलें छापखान्यास परत मिळालें.

७. दप्तरी शब्दांचा प्रवेश

एकोणिसाव्या शतकांत भाषांतराचें काम दुसऱ्या वाटेनें पुन्हां सुरू झालें. श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें मराठी पंडिताच्या साहाय्यानें केलेला नवा करार १८११ मध्यें मोडी अक्षरांत छापिला. मोडीच्या अभ्यासकांनीं तो अवश्य पाहावा. मुंबईंत अमेरिकन मिशन १८१३ मध्यें आलें व त्याचा नवा करार १८२६ मध्यें पुरा झाला. या भाषांतरकारांपुढें पुराणाची परंपरा नव्हती; मराठी राज्याचा व्यवहार मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर नुकताच मावळत होता. या वाटेनेंच शास्त्रांत करार, वतन, खंडणी हे शब्द रूढ झाले. स्टीफन्सनें ईश्वरास कीर्तनांतल्या शब्दांनीं हाक मारिली होती. या भाषांतरांत कचेरींतल्या शब्दांचाही आधार घेतला गेला. पहिल्यांत ममता अधिक, दुसऱ्यांत जबाबदारी अधिक.

पंडिता रमाबाई यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून स्वतः सर्व शास्त्राचें भाषांतर केलें. साध्या बायामाणसांस समजावें व दर्शनशास्त्रांतील शब्दांचा अर्थ त्यांत शिरूं नये, असा त्यांचा कटाक्ष होता. त्या ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. त्यांचें भाषांतर १९२४ मध्यें केडगांव येथें समग्र छापून निघालें. दुष्काळांतून व टाकलेपणांतून आणलेल्या स्त्रियांचें त्यांचें जें आश्रयस्थान, त्याचें नांव 'मुक्ति'. तेथें आलेल्या स्त्रियांस त्या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नव्हता. ओवीची जुनी वाटही बुजली नाहीं. नारायण वामन टिळक यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें व तें १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. ख्रिस्ती शास्त्रांतील निष्ठा ही दुसऱ्या पक्षानें शब्द मोडल्यावरही टिकणारी निष्ठा आहे, आणि त्यांतील उद्धार हा आप्तानें स्वतः सोसून केलेली सोडवणूक आहे. मोक्ष या शब्दांत बंधनाचा नाश येतो, पण सोडवणारा येत नाहीं. करार या शब्दांत बंधन येतें, पण एकतर्फी वचन येत नाहीं. खंडणी या शब्दांत मोल येतें, पण नातें येत नाहीं. 'सोडवणदार' या साष्टीच्या शब्दांत सोडवणारा व त्याचें नातें हीं दोन्ही आहेत, आणि परागंदा रयतेस दिलेल्या कौलांत बंधन व वचन हीं दोन्ही आहेत. या दोहोंस जवळ ठेवून वाचिल्यास ख्रिस्तपुराण व मराठी शास्त्र हीं आमच्या भाषेच्या इतिहासाचीं साधनें म्हणून अधिक बोलूं लागतील.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. गोवा, सावंतवाडी, कारवार व मंगळूर या टापूंत जुन्या घरांतून रोमन अक्षरांचीं, पण मराठी वाचनाचीं बाडें निघतात. मुखपृष्ठ गेलेलें, अक्षर परकें, म्हणून तीं पोर्तुगीज समजून बाजूस ठेविलीं जाण्याचा संभव असतो. अशा बाडांतील चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओवीचा ताल लागला तर तें बाड मराठीचें आहे. त्यांतील पाठभेद, नकल करणाराचें नांव, शक किंवा सन, आणि कोणत्या घरीं तें राहिलें, याची टिपणें करून ठेवावीं. एका ग्रंथाच्या तीनही छापील आवृत्त्या नष्ट झाल्या, आणि तो आपल्यापर्यंत पोंचला तो अनाम लेखकांनीं रात्रीं दिव्यापाशीं बसून उतरलेल्या पानांवरून. त्यांनीं पाळलेला शब्द पुढें पाळणें हें आतां ज्यांच्या हातीं तीं पानें येतील त्यांचें काम आहे.